ऑस्करची नामांकनं आणि विजेते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी जानेवारी ते मार्च या काळात ऑस्करच्या बातम्यांना ऊत येतो. "आपला सिनेमा ऑस्करला गेला" असं मथळा सांगतो, पण गेला म्हणजे नेमका कुठवर गेला, ते अख्खी बातमी वाचूनही कळत नाही. खालचे बरेचसे प्रश्न याच गोंधळातून निघालेले आहेत.

"अमुक चित्रपट ऑस्करच्या शर्यतीत" अशी बातमी आली, म्हणजे त्याला नामांकन मिळालं ना?

बहुतेक वेळा नाही. शर्यत हा शब्द फार सोयीचा आहे, कारण तो कोणत्याही टप्प्याला चिकटवता येतो. प्रत्यक्षात टप्पे चार आहेत.

पहिला टप्पा पात्रता यादीचा. चित्रपट ४० मिनिटांपेक्षा मोठा असावा, अमेरिकेतल्या ठरावीक सहा महानगर परिसरांपैकी एकात (लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को बे एरिया, शिकागो, अटलांटा, डॅलस-फोर्टवर्थ) सलग सात दिवस तिकीटबारीवर चाललेला असावा, आणि कागदपत्रं वेळेत भरलेली असावीत. एवढं जमलं की नाव यादीत येतं. अलीकडच्या काही वर्षांत ही यादी तीनशेच्या आसपास चित्रपटांची असते. यात कौतुकाचं काही नाही असं मी म्हणणार नाही, पण यात कोणी कोणाला निवडलेलं नसतं. अर्ज बरोबर भरला, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा टप्पा शॉर्टलिस्टचा. हा काही विभागांनाच असतो. आंतरराष्ट्रीय चित्रपट आणि माहितीपट या विभागांत १५ नावांची यादी निघते. इथे मात्र मतदान झालेलं असतं, त्यामुळे शॉर्टलिस्टची बातमी खरी बातमी आहे. तिसरा टप्पा नामांकनाचा: साधारणपणे प्रत्येक विभागात पाच नावं. आणि चौथा, पाकीट फोडण्याचा.

पुढच्या वेळी "ऑस्करच्या शर्यतीत" असं वाचलंत की आधी विचारा, चारपैकी कितव्या टप्प्यावर?

नामांकन की मानांकन?

नामांकन. मानांकन म्हणजे दर्जा ठरवून दिलेली मान्यता, ती वस्तूंना आणि संस्थांना मिळते. काही जण नामनिर्देशन लिहितात, तेही बरोबर आहे, फक्त ते वाचताना निवडणूक आयोगाची आठवण होते.

२०२३ चा ऑस्कर म्हणजे २०२३ मधले चित्रपट?

नाही, आदल्या वर्षातले. मार्च २०२३ मध्ये झालेला ९५ वा सोहळा २०२२ च्या चित्रपटांचा होता. कोणी "२०२२ चा ऑस्कर" म्हणतं, कोणी "२०२३ चा", आणि दोघंही एकाच रात्रीबद्दल बोलत असतात. म्हणून सोहळ्याचा क्रमांक सांगणं सगळ्यात बरं.

नामांकनं ठरवतं कोण? परीक्षक मंडळ असतं का?

परीक्षक मंडळ नसतं. हा पुरस्कार देणाऱ्या अकादमीचे मत देणारे सभासद सुमारे दहा हजार आहेत आणि ते सगळे सिनेमाच्या धंद्यातले लोक आहेत. ते कामाप्रमाणे शाखांमध्ये विभागलेले असतात: अभिनेत्यांची शाखा, दिग्दर्शकांची, संकलकांची, छायालेखकांची, वेशभूषाकारांची वगैरे. नामांकनाच्या फेरीत ज्याने त्याने आपल्या शाखेपुरतं मत द्यायचं. अभिनयाची नामांकनं अभिनेते ठरवतात, संकलनाची संकलक. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी मात्र सगळेच मत देतात.

यामुळे कधीकधी विचित्र निकाल दिसतात. २०१३ मध्ये 'आर्गो' सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, पण त्याचा दिग्दर्शक बेन ॲफ्लेकला दिग्दर्शनाचं नामांकनसुद्धा नव्हतं. लोक विचारतात, चित्रपट काय आपोआप तयार झाला? तसं नाही. दिग्दर्शनाचं नामांकन काहीशे दिग्दर्शकांनी ठरवलं होतं, आणि चित्रपटाचा पुरस्कार हजारो सभासदांनी. मतदारच वेगळे, मग निकाल वेगळा लागला तर नवल काय.

अंतिम फेरीत ही भिंत पडते. तिथे सर्व मतदार सर्व विभागांत मत देऊ शकतात. म्हणजे ध्वनीचा पुरस्कार शेवटी ठरवणाऱ्यांत वेशभूषाकारही असतात. म्हणूनच अनेक तंत्रज्ञ सांगतात की त्यांना नामांकनाचं मोल जास्त वाटतं: ते त्यांच्याच बिरादरीतल्या, कामाची नस ओळखणाऱ्या लोकांनी दिलेलं असतं. मला हे पटतं.

पण ते सगळे चित्रपट पाहतात तरी का?

बरीच वर्षं या प्रश्नाचं उत्तर म्हणजे सभासदांच्या सद्सद्विवेकबुद्धीवर भरवसा, एवढंच होतं. ९८ व्या सोहळ्यापासून नियम आला: अंतिम फेरीत ज्या विभागात मत द्यायचं, त्या विभागातले नामांकन मिळालेले सगळे चित्रपट पाहिलेले असले पाहिजेत. अकादमीच्या स्वतःच्या सभासदांसाठीच्या संकेतस्थळावर पाहिल्याची नोंद आपोआप होते. थिएटरात किंवा महोत्सवात पाहिला असेल तर तसा अर्ज भरून द्यायचा. अर्ज खरा भरला की खोटा, हे पुन्हा सद्सद्विवेकबुद्धीवरच आलं म्हणा.

मतमोजणी कशी होते? जास्त मतं तो विजेता, इतकं सरळ आहे का?

बहुतेक विभागांच्या अंतिम फेरीत इतकंच सरळ आहे. पण नामांकनाची फेरी आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा निकाल, या दोन ठिकाणी पसंतीक्रमाची पद्धत आहे. विधान परिषदेच्या निवडणुकीच्या रात्री टीव्हीसमोर बसणाऱ्यांना ही समजावून सांगायची गरज नाही. "कोटा" आणि "दुसऱ्या पसंतीची मतं" हे शब्द त्यांना पाठ असतात.

आधी नामांकन. समजा एका शाखेतून ६०० मतपत्रिका आल्या आणि जागा पाच आहेत. जागांपेक्षा एक जास्त आकड्याने, म्हणजे सहाने भागायचं: १००. त्यात एक मिळवायचा: १०१. हा कोटा. ज्याला पहिल्या पसंतीची १०१ मतं मिळाली तो आत. सगळ्यात कमी मतं असलेलं नाव बाद होतं आणि त्या मतपत्रिका त्यांवरच्या पुढच्या पसंतीकडे जातात. पाच जागा भरेपर्यंत हे चालू राहतं.

म्हणजे इथे "सगळ्यांना बरा वाटला" हे फारसं कामाचं नाही. थोड्या लोकांना का होईना, पण सगळ्यांत जास्त तुम्हीच आवडायला हवेत. एखादं अजिबात चर्चेत नसलेलं नाव अचानक पाचांत दिसतं, त्यामागे बहुधा असे शे-दोनशे कट्टर चाहते असतात.

आता सर्वोत्कृष्ट चित्रपट. इथे दहा नामांकनं असतात आणि मतदाराने त्यांना क्रम लावायचा असतो. जिंकायला निम्म्याहून जास्त मतं लागतात. आपण सोयीसाठी चारच चित्रपट आणि १०० मतपत्रिका घेऊ. पहिल्या पसंतीची मतं अशी पडली: क ला ३८, ख ला ३०, ग ला २०, घ ला १२. पन्नाशी कोणीच ओलांडली नाही. घ बाद. त्याच्या १२ मतपत्रिकांवर दुसरी पसंती पाहिली: १० जणांनी ख लिहिलंय, २ जणांनी क. आता क ४०, ख ४०, ग २०. ग बाद. त्याच्या २० पैकी १५ ख कडे, ५ क कडे. ख ५५, क ४५. ख जिंकला.

पहिल्या फेरीत आठ मतांनी पुढे असलेला क हरला, कारण ज्यांना तो आवडत नव्हता त्यांनी त्याला तळाशी ठेवला होता. भांडण लावणारा चित्रपट नामांकनापर्यंत धडाक्यात येतो आणि शेवटी मागे पडतो, त्याचं एक कारण इथे सापडतं. तेव्हा "सगळ्यात चांगला चित्रपट कधीच जिंकत नाही" अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी हे गणित पाहावं. ही पद्धत सगळ्यात कमी जणांना नावडणारा चित्रपट शोधून काढते.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाला पाचाऐवजी दहा नामांकनं का?

२००९ च्या चित्रपटांपासून ती पाचावरून दहा झाली. मध्यंतरी काही वर्षं मतांप्रमाणे पाच ते दहा अशी कमीजास्त संख्या असायची. ९४ व्या सोहळ्यापासून पुन्हा नक्की दहा. लोकप्रिय चित्रपटांना जागा मिळावी आणि प्रेक्षक टीव्हीसमोर टिकावा, हा हेतू उघड होता.

भारताचा चित्रपट ऑस्करला कोण पाठवतं? मराठी चित्रपट कधी गेले?

आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागात प्रत्येक देशाने एकच चित्रपट पाठवायचा असतो. भारतासाठी ही निवड फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाने नेमलेली समिती करते. (२०२० च्या सोहळ्याआधी या विभागाचं नाव "परभाषिक चित्रपट" होतं. परका कोण आणि कोणाला, हा प्रश्न अकादमीला जरा उशिरा पडला.)

मराठीतून संदीप सावंत यांचा 'श्वास' २००४ मध्ये, परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' २००९ मध्ये आणि चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' २०१५ मध्ये भारताची प्रवेशिका म्हणून गेला. तिघांपैकी कोणालाही नामांकन मिळालं नाही. "श्वासला ऑस्कर नामांकन होतं" असं आजही अनेक जण ठामपणे सांगतात. ती देशाची अधिकृत प्रवेशिका होती, नामांकन नव्हे. त्याने चित्रपट काही लहान होत नाही.

या विभागात अंतिम पाचांपर्यंत पोचलेले भारतीय चित्रपट तीन: 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान'. पुरस्कार एकालाही मिळाला नाही.

मग 'आरआरआर' ऑस्करला भारतातर्फे गेला होता ना?

नव्हता. त्या वर्षी भारताची प्रवेशिका होती 'छेल्लो शो' हा गुजराती चित्रपट, आणि तो १५ च्या शॉर्टलिस्टपर्यंत पोचला. 'आरआरआर' स्वतंत्रपणे सर्वसाधारण विभागांत उतरला आणि 'नाटू नाटू'ला सर्वोत्कृष्ट गीताचा पुरस्कार मिळाला. त्याच रात्री 'द एलिफंट व्हिस्परर्स' या भारतीय लघुमाहितीपटानेही ऑस्कर जिंकला. देशाने पाठवलं तरच ऑस्करला जाता येतं हा समज त्या एका रात्रीत पुसला जायला हवा होता.

'नाटू नाटू'चा ऑस्कर गायकांना मिळाला की संगीतकाराला?

संगीतकार एम. एम. कीरवाणी आणि गीतकार चंद्रबोस यांना. राहुल सिप्लीगंज आणि काल भैरव यांनी ते गाणं त्याच मंचावर गायलं, पण गीताचा पुरस्कार ते रचणाऱ्यांचा असतो. तसंच सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार निर्मात्यांना जातो, दिग्दर्शकाला नाही, तो स्वतः निर्माता असेल तर गोष्ट वेगळी.

ऑस्कर जिंकणारी पहिली भारतीय व्यक्ती कोण?

भानू अथय्या. मूळच्या कोल्हापूरच्या, माहेरचं आडनाव राजोपाध्ये. रिचर्ड ॲटनबरोंच्या 'गांधी'साठी जॉन मोलो यांच्यासोबत वेशभूषेचा पुरस्कार त्यांना एप्रिल १९८३ मध्ये मिळाला. नामांकनही दोघांच्या नावे एकच होतं. २०१२ मध्ये त्यांनी आपली ऑस्करची बाहुली नीट जपली जावी म्हणून अकादमीकडे परत सोपवली. २०२० मध्ये त्या गेल्या. 'लगान'चे कपडेही त्यांचेच, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. सामान्यज्ञानाच्या परीक्षेत या प्रश्नाला "सत्यजित राय" असं उत्तर लिहून गुण गमावणारे पुष्कळ आहेत. रायांना १९९२ मध्ये मिळाला तो मानद पुरस्कार, ज्याला नामांकन वगैरे नसतं.

विजेता कोण, हे आधी कोणाला माहीत असतं?

मतमोजणी करणाऱ्या हिशेब संस्थेच्या दोन-तीन माणसांना. बाकी कोणाला नाही, अकादमीच्या अध्यक्षांनाही नाही.

सुरुवातीला असं नव्हतं. १६ मे १९२९ ला हॉलिवूड रूझवेल्ट हॉटेलात पहिला सोहळा झाला तेव्हा विजेते तीन महिने आधीच जाहीर झाले होते. बक्षीस वाटप पंधरा मिनिटांत आटोपलं. पुढे निकाल वर्तमानपत्रांना रात्री छापण्याच्या अटीवर आधी दिले जाऊ लागले. १९४० मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने ते संध्याकाळच्याच अंकात छापून टाकले, आणि पाहुणे विजेत्यांची नावं वाचूनच सोहळ्याला आले. पुढच्या वर्षीपासून बंद पाकिटं आली.

मग २०१७ मध्ये चुकीचं नाव कसं वाचलं गेलं?

पाकिटांचे दोन संच असतात, मंचाच्या प्रत्येक बाजूला एकेक, कारण पुरस्कार देणारे कोणत्याही बाजूने येऊ शकतात. प्रत्येक संच एका हिशेबनिसाच्या ताब्यात. एका बाजूने पाकीट दिलं गेलं की दुसऱ्या बाजूच्या माणसाने आपल्याकडचं तेच पाकीट बाजूला काढायचं.

त्या रात्री सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार एमा स्टोनला एका बाजूच्या संचातून दिला गेला. दुसऱ्या बाजूचं तेच पाकीट बाजूला काढलं गेलं नाही, आणि तेच सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नाव जाहीर करायला आलेल्या वॉरन बेटी यांच्या हाती पडलं. त्यांनी कार्ड काढलं, वाचलं, थबकले. पाकिटात आणखी काही आहे का, म्हणून पुन्हा आत पाहिलं. सभागृहाला वाटलं, म्हातारा मुद्दाम ताणतोय. त्यांनी कार्ड सोबत आलेल्या फे डनवे यांच्यापुढे धरलं. कार्डावर "एमा स्टोन, ला ला लँड" असं होतं. डनवे यांना चित्रपटाचं नाव दिसलं, त्यांनी ते वाचलं.

'ला ला लँड'चे निर्माते मंचावर आले, आभाराची भाषणं सुरू झाली, आणि दोनेक मिनिटांनी त्यांच्यातल्याच जॉर्डन होरोविट्झने माइकवर सांगितलं की चूक झाली आहे, 'मूनलाइट' जिंकलाय. खरं कार्ड त्याने कॅमेऱ्यासमोर उंच धरलं. हातातली बाहुली दुसऱ्याला देताना त्या माणसाने जो सरळपणा दाखवला, तो मला त्या रात्रीच्या कोणत्याही भाषणापेक्षा जास्त लक्षात आहे.

दोष एका माणसाचा होताच, पण कार्डाचाही होता. विभागाचं नाव तळाशी बारीक अक्षरात होतं. पाकीट लाल आणि त्यावर सोनेरी अक्षरं, मंदप्रकाशात वाचायला अवघड. नंतर पाकिटांवर विभागाचं नाव मोठ्या अक्षरात आलं, मंचामागे हिशेबनिसांच्या हातातले फोन काढून घेतले गेले आणि निकाल तोंडपाठ असलेला आणखी एक जण थेट नियंत्रण कक्षात बसू लागला.

दोघांना समान मतं पडली तर?

दोघांनाही पुरस्कार. १९६९ मध्ये कॅथरीन हेपबर्न आणि बार्ब्रा स्ट्रायसँड दोघी सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या. २०१३ मध्ये ध्वनिसंकलनात 'स्कायफॉल' आणि 'झीरो डार्क थर्टी' बरोबरीत आले. १९३२ चा किस्सा मजेशीर आहे: वॉलेस बीरी यांना फ्रेडरिक मार्चपेक्षा एक मत कमी होतं, पण तेव्हाच्या नियमात तीन मतांपर्यंतचा फरक बरोबरी मानला जायचा.

एकाच भूमिकेसाठी मुख्य आणि सहायक अशी दोन्ही नामांकनं मिळू शकतात का?

आता नाही. एकदा मिळाली होती. 'गोइंग माय वे'साठी बॅरी फिट्झजेराल्ड यांना १९४५ मध्ये दोन्हीकडे नामांकन मिळालं. मुख्य अभिनेत्याचा पुरस्कार त्याच चित्रपटातल्या बिंग क्रॉस्बीने नेला, सहायकाचा यांना मिळाला. लगेच नियम बदलला. महायुद्धात धातूची टंचाई असल्याने त्या काळी बाहुल्या प्लास्टरच्या होत्या. फिट्झजेराल्ड घरी गोल्फची काठी फिरवत असताना त्यांच्या बाहुलीचं मुंडकंच उडालं.

सर्वाधिक नामांकनं मिळूनही काहीच न जिंकणारे चित्रपट?

'द टर्निंग पॉइंट' (१९७७) आणि 'द कलर पर्पल' (१९८५). दोघांना ११-११ नामांकनं, पुरस्कार शून्य. दुसऱ्या टोकाला 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा तिसरा भाग: ११ नामांकनं, अकराच्या अकरा पुरस्कार. अभिनयात पीटर ओटूल यांना आठ वेळा नामांकन मिळालं आणि आठही वेळा ते हात हलवत परतले. सातव्या आणि आठव्या नामांकनाच्या मध्ये, २००३ मध्ये, त्यांना मानद पुरस्कार तेवढा दिला गेला. ध्वनिमिश्रक केव्हिन ओकॉनेल मात्र एकविसाव्या नामांकनाला जिंकले, तेही त्याच २०१७ च्या रात्री. पाकिटाच्या गोंधळात ती बातमी कुठे गेली कोण जाणे.

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची नामांकनं कधी जाहीर होतात?

होतच नाहीत. १९५४ पासून दिल्या जाणाऱ्या या पुरस्कारांत परीक्षक मंडळ चित्रपट पाहतं आणि थेट विजेत्यांची यादी जाहीर होते. समारंभ नंतर होतो. "राष्ट्रीय पुरस्कारासाठी नामांकन" असं कोणाच्या परिचयात वाचलंत तर त्याचा अर्थ इतकाच की चित्रपट पाठवला होता.

भारतात ऑस्कर कधी दिसतो?

तिकडे रविवार दुपार ते रात्र, आपल्याकडे सोमवार पहाट. अलीकडे पहाटे साडेचार-साडेपाचला सुरू होतो, तिकडच्या घड्याळबदलामुळे तासाभराचा फरक पडतो. नामांकनं मात्र तिकडे भल्या पहाटे जाहीर होतात, त्यामुळे आपल्याला संध्याकाळी चहा घेता घेता पाहता येतात.

विजेत्याला पैसे किती मिळतात?

एक पैसाही नाही. मिळते ती साडेतेरा इंच उंचीची, जवळपास पावणेचार किलोची, सोन्याचा मुलामा दिलेली कांस्याची बाहुली. ती विकूनही पैसे करता येत नाहीत: १९५१ पासून नियम आहे की विकायची असेल तर आधी अकादमीला एका डॉलरला देऊ करायची.

बाहुलीवर विजेत्याचं नाव इतक्या लवकर कसं कोरलं जातं?

मंचावर हाती येते त्या बाहुलीवर नाव नसतंच, कारण निकाल कोणालाच माहीत नसतो. सोहळ्यानंतरच्या मेजवानीत एक टेबल मांडलेलं असतं. विजेते तिथे रांग लावतात आणि कारागीर नाव कोरलेली पट्टी स्क्रूने बसवून देतात. पट्ट्या आधीपासून तयार असतात, नामांकन मिळालेल्या प्रत्येकाच्या नावाची एक. ज्यांच्या लागत नाहीत त्या पुनर्वापरासाठी जातात.